आई म्हणते "चांगलं चाललंय", मी लिहिलं "वाईट". खरं कोणाचं धरायचं?

धंतोलीची_लेक

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आई ७९ वर्षांची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. बाबा नाहीत. मी, नवरा आणि दिवसा येणाऱ्या एक मावशी असे मिळून बघतो. मला कधी नावाने हाक मारते, कधी ताई म्हणते (तिच्या मोठ्या बहिणीला ती ताई म्हणायची). चहा झाला का हे दिवसातून वीसदा विचारते.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी एक प्रश्नावली घेतली. तेरा प्रश्न. तब्येत, अंगातली ताकद, मन कसं असतं, राहती जागा, स्मरणशक्ती, घरचे, सगळ्यात जवळचं माणूस, मित्रमैत्रिणी, स्वतःबद्दल काय वाटतं, घरकाम, करमणूक, पैसा आणि शेवटी एकूण आयुष्य. वाईट, बरं, चांगलं, एकदम छान असे १ ते ४ गुण, म्हणजे कमीत कमी १३ आणि जास्तीत जास्त ५२. आईला तोंडी विचारलं. मग मला वेगळ्या खोलीत बसवून तेच तेरा प्रश्न, पण आईच्या आयुष्याबद्दल.

आईने स्वतःला दिले ३६. मी तिला दिले २२.

शेवटच्या प्रश्नाला आई म्हणाली, "चांगलं आहे की, मला काय कमी आहे." त्याच ओळीवर मी "वाईट" म्हटलं होतं. त्या दिवसापासून मला झोप नाही. आत्या म्हणते, अगं तिला कळतं तरी का ती काय बोलते ते. पुण्याचा भाऊ म्हणतो की तूच लिहून दिलंस ना वाईट, मग तिला इकडे एका केअर होममधे ठेवू, तिथे जागा मिळतेय, महिनाअखेर सांगायचंय. आता माझ्याच २२ वर निर्णय होणार की काय असं वाटायला लागलंय. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?

सांबारवडी

ताई, आधी जेवून घ्या आणि दुपारी तासभर पडा. सविस्तर रात्री लिहिते. पण महिनाअखेरीच्या घाईने काही ठरवू नका, एवढंच आत्ता.

इतवारी_भाऊ

आमचे बाबा एम्प्रेस मिलमधे होते. मिल बंद होऊन जमाना झाला, पण हे पहाटे साडेचारले उठून बसते अन् म्हणते भोंगा झाला, माहा डबा दे. मी पयले भांडो, बाबा मिल कधीचीच बंद झाली, तिथं आता मॉल हाये. अन् हे आयकलं की त्यायचा चेहरा असा पडे जशी नोकरी आजच गेली. रोज पहाटे मी त्यायची नोकरी घालवत होतो ना बाप्पा. हे मले माह्या बायकोनं समजवलं, तिनं म्हटलं एक दिवस डबा देऊन तर पाहा.

आता रात्रीच दोन पोळ्या अन् लोणचं स्टीलच्या डब्यात भरून ठेवतो. बाबा डबा घेऊन गल्लीच्या टोकावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाते, मी दहा पावलं मागं. ओट्यावर बसून डबा खाते, रुमालानं हात पुसते, डब्याची कडी दोनदा लावून पाहते, अन् म्हणते आज पाळी लवकर सुटली. घरी येऊन मस्त झोपते.

तुमच्या कागदावर याले किती मार्क द्यायचे ते तुमीच सांगा.

फॅमिली_डॉक्टर

धंतोली ताई, मी मेंदूचा तज्ज्ञ नाही, साधी प्रॅक्टिस आहे, पण घरोघरी हे बघतो म्हणून लिहितोय.

तुमच्याकडे जे झालं ते जगभर झालंय. ही प्रश्नावली अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रेबेका लॉग्सडन आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास तयार केली. तेव्हापासून ज्या ज्या ठिकाणी वापरली तिथे साधारण एकच दिसतं, की पेशंट स्वतःला जितके गुण देतो त्यापेक्षा घरचं माणूस कमी देतं. आणि घरच्या माणसाचा थकवा, त्याचं स्वतःचं नैराश्य जितकं जास्त, तितके त्याने दिलेले गुण आणखी खाली जातात. म्हणजे तुमच्या २२ मधे आईचं आयुष्य आहेच, पण तुमच्या चार वर्षांच्या जागरणाचेही गुण त्यात कापले गेलेत.

आत्याबाईंना सांगा, सौम्य ते मध्यम टप्प्यातला माणूस या प्रश्नांची भरवशाची उत्तरं देऊ शकतो असं तपासून मगच ती प्रश्नावली वापरात आली. स्मृतीच्या तीस गुणांच्या चाचणीत दहाच्या वर असलेल्या बहुतेकांना ती जमते. काल काय जेवलो हे न आठवणं वेगळं आणि आत्ता मला कसं वाटतंय हे न कळणं वेगळं. पहिलं गेलं म्हणून दुसरं गेलं असं समजू नका.

आणखी एक सगळ्यांसाठी. विसरायला लागलं की लगेच अल्झायमर म्हणू नका. बी१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत भरपूर), थायरॉईड, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांतून माणूस डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झाल्यासारखा दिसतो आणि त्यातलं बरंच काही उपचाराने सुधारतं. आणि आधीच डिमेन्शिया असलेला माणूस दोन दिवसांत अचानक बिघडला, बडबडायला लागला किंवा एकदम गुंगीत गेला, तर आजार वाढला म्हणून घरी बसू नका, लघवीचा संसर्ग आधी तपासा.

सुनबाई_त्रिमूर्तीनगर

सगळे फार गोड गोड लिहून राहिले म्हणून मुद्दाम लिहिते. राग आला तर येऊ द्या.

माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला धरून. त्यांचे ३६ असतील नाहीतर ४६, माझे किती ते कोणी विचारलं? माझ्यासाठी आहे का एखादा तेरा प्रश्नांचा कागद? रात्री तीनदा उठून पलंगाची चादर बदलायची, सकाळी सगळ्यांचे डबे, आणि नणंद महिन्यातून एकदा येऊन म्हणणार की आईचे केस नीट विंचरत नाही का गं तू. माझी पाठ गेली, नोकरी गेली, पाच वर्षांत मी माहेरी दोन रात्री राहिले नाही. इतवारी भाऊ, तुमची गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच, पण रात्री त्या दोन पोळ्या कोण लाटतं हे पण लिहा की.

केअर होम म्हटलं की लगेच माणूस वाईट असं नसतं हो. चांगली जागा असेल, पैसे असतील, तर तिथेही म्हाताऱ्या माणसाचं बरं होऊ शकतं. धंतोली ताई, आई सुखात आहे म्हणून तुम्ही आणखी दहा वर्षं जागायचं असा अर्थ नका काढू.

इतवारी_भाऊ

बरोबर हाये ताई. पोळ्या माही बायकोच लाटते. तुमचं वाचून काल रात्री मी लाटल्या. नकाशा झाला, पण बाबानं खाल्ल्या.

धंतोलीची_लेक

सुनबाई, राग कसला, तुमचं तीनदा वाचलं. २२ लिहिताना माझ्या डोक्यात आईपेक्षा मीच होते हे मला डॉक्टरांचं वाचून आणि नंतर तुमचं वाचून कळलं. करमणूक या ओळीवर मी "वाईट" लिहिलं कारण मी स्वतः दोन वर्षांत कुठे गेले नाही.

फॅमिली_डॉक्टर

सुनबाई, असा कागद आहे. सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो हे मोजायची झारिट या संशोधकाची प्रश्नावली १९८० पासूनची आहे, आता ती २२ प्रश्नांची वापरतात. तुम्हाला ती कोणी विचारली नाही ही आम्हा डॉक्टरांची चूक. पुढच्या वेळी सासूबाईंना दाखवायला गेलात की तुमचंही बीपी आणि झोप त्याच भेटीत सांगा, वेगळी अपॉइंटमेंट काढायची वाट बघू नका.

न्यूजर्सीचा_नागपूरकर

इकडे नवीन इंजेक्शनं निघालीत ना, लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब. धंतोली ताईंच्या आईला देता येतील का? पैशांचं बघता येईल, इथून काही लागलं तर सांगा.

फॅमिली_डॉक्टर

भाऊ, तुमची कळकळ समजते. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मधे पूर्ण मंजुरी मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मधे. मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ती काढतात हे खरं. लेकॅनेमॅबच्या मोठ्या चाचणीत जवळपास १८०० लोक होते आणि दीड वर्षात घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे घसरण सावकाश होते, थांबत नाही आणि गेलेलं परत येत नाही. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत, वारंवार एमआरआय काढावे लागतात कारण काही जणांच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो. निदान होऊन चार वर्षं झालेल्या ७९ वर्षांच्या बाईंसाठी मी ते सुचवणार नाही.

त्यापेक्षा चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनी हे बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मधे चौदा गोष्टी सांगितल्या, बीपी, शुगर, एलडीएल कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, डोक्याला मार, एकटेपणा, प्रदूषण वगैरे. या सगळ्या आयुष्यभर सांभाळल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल असा त्यांचा हिशेब आहे. वडिलांना कानाचं मशीन घ्या, मोतिबिंदू पिकायची वाट बघू नका, आणि पोरांना हेल्मेट घाला म्हणून सांगा.

काटोल_रोड

थोडं अवांतर. हे सगळं संशोधन तिकडच्या शिकलेल्या लोकांवर झालेलं, आपल्याकडे चालतं का? माझी आजी शाळेची पायरी चढली नाही. तिला एका दवाखान्यात विचारलं शंभरातून सात सात वजा कर आणि आजची तारीख सांग. ती आयुष्यात कधी तारखेवर चाललीच नाही, तिथीवर चालली. कुठल्या शेतात कोणत्या साली किती कापूस झाला ते सांगते, आणि यांनी कागदावर लिहिलं की बुद्धी कमी.

फॅमिली_डॉक्टर

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. हरियाणात बल्लभगढला काम करणाऱ्या संशोधकांना नव्वदच्या दशकात हीच अडचण आली, म्हणून त्यांनी न शिकलेल्या लोकांसाठी हिंदीत वेगळी चाचणी केली. शंभरातून सात ऐवजी वीसातून तीन, आणि सकाळ आहे की संध्याकाळ असे प्रश्न. १९९८ पासून एक आंतरराष्ट्रीय गट आहे, त्याचं नावच टेन सिक्स्टी-सिक्स, कारण तेव्हाच्या अंदाजाने डिमेन्शियाचे ६६ टक्के पेशंट विकसनशील देशांत आणि संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी. भारताचा मोठा अभ्यास २०२३ मधे आला, त्यात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. तुमच्या आजीसारख्या लाखो असतील ज्यांचा कागद चुकीचा भरला गेला.

काटोल_रोड

धन्यवाद डॉक्टर. आजीला हे सांगितलं तर म्हणते वीसातून तीन गेले की सतरा, तुले येत नाही काय?

सांबारवडी

आजी जिंदाबाद! हैदराबादच्या एका अभ्यासाबद्दल वाचलंय, सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. ६४८ पेशंट तपासले तर दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, अगदी शाळेत न गेलेल्यांनाही. आपल्या नागपुरात तर घरात मराठी, रिक्षात हिंदी, भांडणात दोन्ही. आपलं बरं आहे मग!

फॅमिली_डॉक्टर

बरं आहे, पण बीपीची गोळी सोडू नका. पुढच्या काही अभ्यासांत तेवढा फरक दिसला नाही, आणि त्या अभ्यासातही आजार टळला नव्हता, उशिरा आला होता. साडेचार वर्षं काही थोडी नाहीत, ते मात्र मान्य.

महालचा_वाडा

मारबतीचं सांगतो, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मिरवणुकीने नेतात तो पुतळा. आमची काकू दीड वर्ष झालं, पूर्ण वाक्य बोलत नाही. हं, नको, दे, एवढंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक आमच्या घरासमोरून जाते, म्हटलं गर्दीने, आवाजाने घाबरेल, तर मागच्या खोलीत ठेवू. काकाने ऐकलं नाही, गॅलरीत खुर्ची टाकली, मांडीवर शाल. पिवळी मारबत दिसली तशी काकू खुर्चीचे हात धरून अर्धी उठली आणि खणखणीत आवाजात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" सगळं, एक शब्द न चुकता, तीनदा. खालची पोट्टी वर बघून टाळ्या वाजवत होती. काका भिंतीकडे तोंड करून उभा.

संध्याकाळी पुन्हा हं आणि नको. पण त्या दिवशी ती जेवलीही जास्त.

रात्रपाळीची_सिस्टर

वाचून अंगावर काटा आला. वॉर्डात हे बघितलंय, बोलणं गेलेली माणसं आरती पूर्ण म्हणतात. लहानपणापासून तालावर पाठ झालेलं फार उशिरापर्यंत टिकतं. पण मिरवणूक सगळ्यांना झेपेलच असं नाही, काकांनी खुर्चीची जागा बघून ठेवली हे बरं केलं.

नागपूरकरांना उन्हाळ्यासाठी सांगून ठेवते. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, डिमेन्शिया असेल तर पाणी मागायचंच सुचत नाही. नवतप्यात (ऐन उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) कूलरसमोर बसवलं म्हणजे झालं असं नाही. पाणी पी म्हणून मागे लागलं की नको म्हणतात, हातात पन्ह्याचा छोटा पेला द्या आणि समोर बसून आपणही प्या, मग पितात. आणि संध्याकाळी दिवेलागणीला जी घालमेल सुरू होते, घरी जायचंय घरी जायचंय, तेव्हा खोलीतला दिवा अंधार पडायच्या आधीच लावा. सावल्या लांब झाल्या की त्यांना भीती वाटते.

प्रतापनगर_१९६२

हयातीच्या दाखल्याचं कोणी लिहिलं नाही. गेल्या नोव्हेंबरात वडिलांना बँकेत नेलं, काउंटरवरच्या माणसाने मोठ्याने विचारलं, "आजोबा, स्वतःचं नाव तरी सांगता येतं का?" सगळी रांग बघत होती. बाबांना नाव येत होतं, पण त्या आवाजाने तेही गेलं. आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच दाखला देता येतो, मी तसाच करणार. आणि सही नीट येते तोवर जॉईंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र उरकून घ्या. आम्ही दोन वर्षं टाळलं, आता वकिलाकडे चकरा.

जुना_कॅशिअर

हा धागा नातवाने वाचून दाखवला. मी सांगतोय, तो टाईप करतोय.

वय ७४. मागच्या वर्षी मला निदान झालं. अजून सुरुवात आहे म्हणतात. यूपीआयचा पिन विसरतो. व्हरायटी चौकात मेट्रोच्या खांबाखाली उभा राहून कुठल्या बाजूला वळायचं ते एकदा दहा मिनिटं सुचलं नाही. जिथे चाळीस वर्षं सायकलने नोकरीला गेलो तो रस्ता. बँकेत हजारोंचा हिशेब रोज जुळवला, आता भाजीच्या सुट्या पैशांत गडबडतो. हे सगळं मला कळतं. कळत नाही असं समजून माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलू नका.

तुमचे ते तेरा प्रश्न नातवाने मला विचारले. स्मरणशक्तीला मी वाईट म्हणालो, खोटं कशाला बोलू. पैशाला बरं. एकूण आयुष्याला चांगलं म्हणालो. मुलगा म्हणाला बाबा नीट विचार करून सांगा. अरे, विचार करूनच सांगितलं. पहाटे अंबाझरीला फिरतो, सोबत शेजारचे असतात, तिथे चहा होतो, बायको अजून माझ्यावर रागावते, नातू शेजारी बसून हे टाईप करतोय. आणखी काय पाहिजे असतं.

एकच विनंती. घरी पाहुणे आले की "ओळखा पाहू मी कोण" असं विचारतात, ते करू नका. मी ओळखतो पण नाव तोंडात येत नाही, आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात. सरळ सांगा, काका मी अमका, अमक्याचा मुलगा. मी लगेच बोलायला लागतो.

धंतोलीच्या मुलीला सांगतो, आईला विचार. दुसऱ्या कोणाला विचारू नको.

सुनबाई_त्रिमूर्तीनगर

काका, नमस्कार. सासूबाईंना उद्या विचारते. बोलता येत नाही त्यांना, पण हात दाबतात.

इतवारी_भाऊ

काका, पाया पडतो. पहाटे अंबाझरीले या म्हटलं तर बाबाले घेऊन येईन, डब्यासकट.

धंतोलीची_लेक

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा. जुना_कॅशिअर काका, तुमचं भावाला पाठवलं. त्याने उत्तर दिलं नाही, शनिवारी सकाळी गाडीने सरळ आलाच.

त्याआधी मी आईला पुन्हा विचारलं, एका दिवशी एकच प्रश्न. मित्रमैत्रिणींचं विचारलं तर म्हणाली "छान". मी तिथे "वाईट" लिहिलं होतं कारण तिच्या शाळेतल्या बायकांनी येणं सोडलंय. मी म्हटलं कोण गं मैत्रीण, तर म्हणे येते की रोज. मला वाटलं भास असेल. मग मी ऑफिसला दांडी मारून घरी थांबले.

अकराला भाजीवाली आली. ती आमच्या ओट्यावर टोपली टेकवून बसते, हे मला माहीत होतं, पण अर्धा तास बसते हे माहीत नव्हतं. आई तिच्या शेजारी बसून गवार मोडून देते. दोन्ही टोकं काढून, शीर ओढून, सारख्या लांबीचे तुकडे, हात कुठे अडत नाही. मोडता मोडता उमरेडला बदली झाली तेव्हाची गोष्ट सांगते, मला ती पाठ आहे आणि मी दुसऱ्याच वाक्याला "हो आई, सांगितलंस" म्हणते. ती बाई म्हणते, "मंग काय झालं मास्तरीणबाई?" मावशींनी सांगितलं की रोज तीच गोष्ट आणि रोज हाच प्रश्न, दोन वर्षं झाली.

रविवारी भाऊ तिथे ओट्यावर बसला. आईला वाटलं शाळेतला नवीन शिपाई आहे, त्याला म्हणाली फळ्याजवळचे खडू संपलेत, घेऊन ये. मला धस्स झालं, आता हा रडणार. तो उठला, कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूची पेटी घेऊन आला. तिने एक खडू बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाली, "शहाणा आहेस."

रात्री आम्ही दोघं बसलो आणि सुनबाईंचं वाचून मी जे ठरवलं होतं ते त्याला सांगितलं, की मला दर दोन महिन्यांनी दहा दिवस पाहिजेत, तू इथे येऊन राहायचं. हो म्हणाला, घरून काम करतोच आहे. पुण्याची जागा डिसेंबरपर्यंत थांबवलीये, नाही म्हटलेलं नाही अजून, कारण रात्रीचं आणखी अवघड झालं तर मला एकटीला जमणार नाही हेही खरं आहे. पण तिथे जायची वेळ आलीच तर ओटा आहे का आणि त्यावर बसायला कोणी येतं का हे आधी बघून येणार.

डॉक्टर, बी१२ तपासलं, कमी निघालं, सुरू केलंय. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात.

भाजीवालीला सांगून ठेवलंय की गवार नसेल त्या दिवशी मेथी आण, निवडायला. आणि इतवारी_भाऊ, तो कडीचा डबा कुठून घेतलात आणि केवढा, ते सांगा. आईला सोमवारी शाळेत जायचंय म्हणतेय.